‘सेफ्टीपिन’च्या अकरा गाण्यांच्या हार्ड डिस्कबाबत

दिंडोशी पोलीस ठाणे, मुंबई
दिनांक २१ जून २०२५, सकाळी ११.३०

जबाब देणार: श्रुतिका लवू घाडीगावकर, वय ३१ वर्षे, व्यवसाय: गीतलेखन व संगीत संयोजन, राहणार: बोरिवली पूर्व, मुंबई.

मी वरील नावाची असून वरील ठिकाणी आई-वडिलांसह राहते. यज्ञेश मोकाशी यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या अर्जाच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून आज स्वतः हजर झाले आहे. सोबत वकील आणलेला नाही. आणावासा वाटला नाही. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

अर्जदार यांच्या गोरेगाव पूर्व येथील स्टुडिओतून दिनांक १२ जून रोजी काळ्या रंगाची हार्ड डिस्क मी नेली काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय, मीच नेली. स्टुडिओच्या दारावरील रजिस्टरमध्ये नाव, वस्तू, वेळ ११.४० असे लिहून सही केली आणि मग नेली. रजिस्टरच्या पानाचा फोटो हजर करत आहे. डिस्क सन २०२१ मध्ये मी माझ्या नावावर विकत घेतलेली आहे. तिचे बिलही हजर करत आहे.

अर्जात असेही लिहिले आहे की, डिस्कवरील अकरा गाण्यांचे शब्द व चाली अर्जदार यांच्या आहेत. हे खरे नाही. ती गाणी कशी झाली ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होते.

‘सेफ्टीपिन’ हा तीन मुलींचा गाणारा ग्रुप आहे. श्वेता नंदकिशोर खांबेटे, सई आणि ऋजुता. मुख्य आवाज श्वेताचा. मी स्टेजवर नसते. मला नाचता येत नाही व शिकायचेही नाही. गाणी लिहिणे, चाल बांधणे, वाद्ये बसवणे आणि मुलींकडून गाऊन घेणे ही कामे माझी. अर्जदार यांची कंपनी गाणी प्रसिद्ध करते व कार्यक्रम ठरवते. व्यवहाराबाबत आमचा वाद नाही.

श्वेता व मी मुलुंडच्या कॉलेजात एका वर्गात होतो. ग्रुपचा पहिला कार्यक्रम २०२१ साली घाटकोपर येथील एका सोसायटीच्या गणेशोत्सवात झाला. स्टेजवर जायच्या आधी ऋजुताची बाही उसवली. श्वेताने पर्समधून सहा सेफ्टीपिना काढून बाही जागेवर बसवली. तेवढ्यात निवेदक ग्रुपचे नाव विचारायला आले. नाव ठरलेले नव्हते. श्वेता तोंडात पिन धरूनच म्हणाली, “सेफ्टीपिन लिहा.” तेच राहिले.

‘पाव किलो’ हे गाणे जानेवारी २०२३ मध्ये आले. त्याचे शब्द मुलुंडच्या भाजीबाजारात सुचले. एक बाई भाव करत होती आणि भाजीवाली ऐकत नव्हती. श्वेता मला म्हणाली, “मी तर त्या मिहिरला पाव किलोसुद्धा भाव देणार नाही.” मिहिर कोण, याचा या चौकशीशी संबंध नाही. श्वेताच्या घरी पोहोचेपर्यंत ‘पाव किलोच भाव देईन, जास्त मागू नको’ ही ओळ चालीसकट तयार होती. ध्वनिमुद्रणाच्या वेळी दुसऱ्या अंतऱ्यात श्वेता शब्द विसरली आणि हसली. अर्जदार म्हणाले, हे काढा. मी काढले नाही. लोक आज त्या हसण्यावर रील करतात.

‘सरक ना’ हे गाणे ऑगस्ट २०२३ मध्ये आले. ग्रुप त्यामुळे महाराष्ट्रभर माहीत झाला. घाटकोपर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात मी व श्वेता बसलो होतो. एक मावशी दोन पिशव्या घेऊन आल्या. आत जागा नव्हती. त्या म्हणाल्या, “सरक ना गं, मी पण इथंच बसणार.” आणि बसल्या. सबंध रस्ताभर श्वेता मांडीवर बोटांनी ते वाजवत होती.

गाण्याचा ठेका माझ्या वडिलांचा आहे. (जबाब टाइप करणाऱ्या उपनिरीक्षक मॅडमनी प्रथम ‘ठेका’ ऐवजी ‘ठेकेदारी’ असे टाइप केले होते, ते दुरुस्त केले.) वडील लवू घाडीगावकर छापखान्यातून निवृत्त झाले असून डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्यात, झांज वाजवतात. मी संगणकावर झांज लावून ऐकत होते. ते दारात उभे राहून म्हणाले, “ह्यां काय गो? अशी वाजवतत झांज? हकडे दी.” मी संगणक बंद केला आणि त्यांची झांज मोबाईलवर घेतली. गाण्यात आहे ती तीच. कुकरची शिट्टी मागे ऐकू येते, तीही आमच्याच घरातली आहे.

श्वेताकडून मी प्रत्येक ओळ पंधरा-वीस वेळा गाऊन घेत असे. ती कधी कंटाळली नाही. श्वास कुठे घ्यायचा हे ती कागदावर पेन्सिलीने खूण करून ठरवायची. बहुतेक ठिकाणी गाण्यात ऐकू येणारे श्वास नंतर पुसून टाकतात. मी तिचे श्वास ठेवले. बारा वर्षांत मी पुष्कळ आवाज मुद्रित केले आहेत, त्यावरून हे सांगते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सात दिवसांत सहा कार्यक्रम होते. सहाव्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला श्वेताचा आवाज फाटला. मुलुंडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्वरयंत्रावर गाठ आहे, दोन महिने बोलणेसुद्धा बंद ठेवा. पुढे चार कार्यक्रम ठरलेले होते. ते रद्द करा असे मी अर्जदार यांना सांगितले. ते म्हणाले, “गर्दीत आवाज कोण ऐकतं? उभी राहू दे फक्त.” श्वेता नुसती उभी राहिली नाही. ती चारही कार्यक्रम गायली. मी तिला थांबवले नाही. हे मला कोणी विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे ऑपरेशन झाले. आवाज परत आला तो वेगळा. खालचा, जाडसर. वरचे सूर लागत नाहीत. डॉक्टरांनी पुढचे काही सांगितलेले नाही. ग्रुपमध्ये तिच्या जागी नवीन मुलगी घेण्यात आली. तिचे नाव मी सांगत नाही. तिचा यात काही दोष नाही आणि ती चांगली गाते.

दिनांक १२ जून २०२५ रोजी सकाळी १० वाजता आम्ही स्टुडिओत जमलो. जुनी अकरा गाणी नवीन मुलीच्या आवाजात पुन्हा मुद्रित करायची होती. तिला श्वास कुठे घ्यायचा हे शिकवण्यासाठी अर्जदार यांनी श्वेताला बोलावले होते. श्वेता आली. पेन्सिल घेऊन तिने ओळ न् ओळ समजावली. चांगली समजावली. ती मुलगी तिच्या पाया पडायला वाकली, तेव्हा श्वेता म्हणाली, “अगं वेडी आहेस का? आधी पाणी पी.”

सुमारे ११.१५ वाजता अर्जदार आत आले. ध्वनिमुद्रणाचे काम निलेश पाहतो. अर्जदार त्याला म्हणाले, “नवीन टेक झाले की जुने सगळे उडव. उगाच जागा खातात.”

मी विचारले, “जुने म्हणजे श्वेताचे?”

“हो. उद्या दोन आवाज बाहेर फिरायला लागले तर ग्रुपची वाट लागेल. आणि ठेवून करायचं काय? ती काय परत गाणार आहे का?”

श्वेता त्यांच्यापासून चार फुटांवर बसली होती. ती म्हणाली, “उडव ना रे निलेश. मला काय विचारायचंय त्यात?”

निलेशचा हात माउसवर होता. तो हलला नाही. मी पुढे होऊन डिस्कची वायर काढली. संगणकाला न सांगता वायर काढायची नसते. ही एक चूक मला मान्य आहे. बाकी काही चूक मला दिसत नाही.

अर्जदार म्हणाले, “श्रुतिका, ती ठेव खाली. हा कंपनीचा माल आहे.”

मी म्हणाले, “सर, डिस्क माझी, गाणी माझी आणि आवाज हिचा. यातलं कंपनीचं काय ते मला दाखवा, मी लगेच ठेवते.”

त्यांनी काही दाखवले नाही. मी आरडाओरडा केला, शिवीगाळ केली, असे अर्जात आहे. निलेशला विचारावे. तो तिथेच होता.

श्वेताला घेऊन मी रिक्षाने गोरेगाव-मुलुंड लिंक रोडमार्गे मुलुंड येथे तिच्या राहत्या घरी गेले. रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, “तू मूर्ख आहेस.” मी हो म्हणाले.

घरी तिची आई, कुंदाकाकू, मेथी निवडत होत्या. त्यांनी जेवून जाणार ना, एवढेच विचारले. डिस्क सुस्थितीत आहे का हे पाहण्यासाठी मी ती लॅपटॉपला लावली. ऑपरेशन झाल्यापासून श्वेताने स्वतःचा जुना आवाज ऐकलेला नव्हता. त्या घरात टीव्हीवर ग्रुपचे गाणे लागले तर चॅनेल बदलत. मी ‘सरक ना’चा फक्त तिचा आवाज लावला, वाद्यांशिवाय. तो तीन मिनिटे बावीस सेकंदांचा आहे. दोनदा ऐकला. कुंदाकाकूंनी मेथी बाजूला ठेवली होती. 

नंतर श्वेता म्हणाली, “दुसऱ्या अंतऱ्यात मी जरा चढी लागलेय. तेव्हा सांगितलं का नाहीस?”

मी म्हणाले, “मला आवडलं म्हणून.”

तिने तीच ओळ गुणगुणली. पुष्कळ खाली. तिथे ती वेगळीच वाटली. मी पेटी काढायला सांगितली आणि पट्टी खाली घेतली. ती परत गायली. ऑपरेशननंतरच्या सोळा महिन्यांत माझ्यासमोर ती पहिल्यांदा गायली. अडीच वाजता जेवलो.

त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज सकाळी दहा ते एक काम करत आहोत. एक नवीन गाणे पूर्ण झाले आहे. ते तिच्या आताच्या आवाजासाठी लिहिले आहे. या चौकशीशी त्याचा संबंध आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की नाही, पण गाणे चांगले झाले आहे.

शब्द व चाली माझ्याच आहेत याला पुरावा काय, असे विचारल्यावरून मी आज डिस्क सोबत आणली असून आपल्यासमोर लॅपटॉपला लावली. दिनांक १८ एप्रिल २०२३ ची फाईल वाजवली. गाणे सुरू होण्यापूर्वी माइक चालू होता. त्यात मी श्वेताला ओळ सांगते ते ऐकू येते. मग दार उघडल्याचा आवाज येतो. पुढील संभाषण मॅडमनी ऐकून जसेच्या तसे लिहून घेतले आहे.

अर्जदार यांचा आवाज: “हे काय, ‘सरक ना, सरक ना’? रिक्षातलं भांडण कोण ऐकणार? कोणी लिहिलंय हे?”

श्वेता हिचा आवाज: “श्रुतिकाने. शब्द पण तिचे, चाल पण तिची. आणि सर, तुम्ही माइकसमोर उभे आहात. सरका ना.”

यानंतर सई व ऋजुता यांच्या हसण्याचा आवाज आहे.

मॅडमनी ते दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा दाराशी उभे असलेले हवालदार साहेबही ऐकत होते. अर्जदार बाहेरच्या बाकावर बसलेले होते, त्यांना आत बोलावून तिसऱ्यांदा ऐकवले. ते म्हणाले की हे त्यांना आठवत नाही. आवाज आपलाच आहे काय, असे मॅडमनी विचारल्यावर हो म्हणाले. नंतर त्यांनी शब्द व चाली आपल्या असल्याचा अर्जातील मजकूर मागे घेत असल्याचे आणि श्वेताचे जुने मुद्रण पुसणार नसल्याचे स्वतंत्र लिहून दिले. ते मी वाचले. ‘पुसणार’ नंतरचा ‘नाही’ अस्पष्ट होता, तो ठळक करून घेतला.

नवीन मुलीने ही गाणी गाण्यास माझी हरकत नाही. गाणी गाण्यासाठीच लिहिली आहेत. मूळ गाण्यांवर श्वेताचे नाव राहावे एवढे माझे म्हणणे आहे.

अर्जाची चौकशी पूर्ण होईपर्यंत डिस्क पोलिसांच्या ताब्यात देण्यास मी तयार आहे व आज दोन पंचांसमक्ष देत आहे. पंचनाम्यात तिचे वर्णन ‘एक जुनी वापरलेली हार्ड डिस्क, रंग काळा’ असे लिहिले होते. ते अपुरे आहे असे मी सांगितले. मॅडम म्हणाल्या, “मग काय लिहू?” मी सांगितल्यावरून त्यापुढे ‘तीत श्वेता नंदकिशोर खांबेटे हिचा आवाज, गाणी अकरा’ असे वाढवण्यात आले. पाकिटावर लाख लावण्यापूर्वी डिस्क एकदा हातात मागितली. ती मिळाली व परत दिली.

माझे म्हणणे मराठीत संगणकावर घेतले, मला मोठ्याने वाचून दाखवले आणि मी स्वतःही वाचले. मी बोलले तेच यात आहे. ते खरे व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

(सही)
श्रुतिका लवू घाडीगावकर

समक्ष,
लता धोंडू कोयंडे
पोलीस उपनिरीक्षक