तुझी गाडी पंख्याखाली हाय

हॅलो?… हां, बोल मेहजबीन… व्हय, आलो की घरी. मघाशीच आलो… अगं ऐक ना, गाडीचं सांगते. सांगते म्हणलं ना! आधी तुझ्या दाजींना ह्या रॅलीतनं काय मिळणार होतं ते ऐक, म्हंजे पुढचं कळंल.

एक शाल. एक नारळ. स्टेजवर खुर्ची… न्हाय गं, प्लास्टिकची न्हाय, गादीची. आन् मुख्य म्हंजे गॅरेजवर सर्व्हिस सेंटरचा बोर्ड. ते विजयसिंह शोरूमवाले स्वतः गॅरेजवर येऊन बोलले. 'वाजिदभाई, कळंब ते इंदापूर इलेक्ट्रिक गाड्यांची रॅली काढू. गाड्या तुमी गोळा करा, कळंबचं सर्व्हिस सेंटर तुमचं…' तर काय! पेट्रोलच्या गाड्या दुरुस्तीला येतात कुठं आता पहिल्यासारख्या? दुपारच्याला माशा मारत बसत्यात गॅरेजात. म्हणून तर दारोदार फिरले. म्हणून तर पार काटेवाडीला येऊन तुझी गाडी मागून आणली.

…हाय की. गाडी हाय… कुठं म्हंजे? घरातच हाय.

व्हय, घरात. पंख्याखाली.

पंख्याखाली म्हंजे पंख्याखाली! उन्हातनं आलेलं माणूस बसतंय तशी… ओरडू नको गं, कान बसला माझा. पलंग भिताडाला सरकवलाय, तुझ्या गाडीला जागा केल्ये. आणखी काय करू?

ऐक. मिरवणूक म्हणल्यावर गाडी धुवायची का न्हाय, तूच सांग. लग्नाची जीप धुत्यात, बैल धुत्यात, नवरदेवालाबी धुत्यात. आन् तुझे दाजी म्हंजे गॅरेजवाले. पाण्याचा फवारा मारल्याबिगर गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची न्हाय, ही उभ्या जन्माची सवय. कसा मारला?… जोतीरामतात्यांचा डाळिंबावर औषध मारायचा पंप आणला.

…व्हय, त्योच. झाडावरची किडं उडवायचा.

सीटखाली मारला. हँडलच्या आत मारला. चार्जिंगच्या तोंडात सुद्धा मारला, म्हणले, माती अडकल्ये… आता मला काय विचारती? मी चहा करत होते!

तुझी पहिली धुतली. पावण्यांची गाडी ना, तिला मान… हां, मान म्हणलं. आन् माझी शेवटाला ठेवली. घरची मुरगी. तवर पंपातलं पेट्रोल संपलं… अगं, त्यो पंप पेट्रोलवर चालतोय. मी म्हणलं, आणा जावा बाटलीभर. तर म्हणले, 'इलेक्ट्रिकच्या रॅलीसाठी पेट्रोल आणायला जाऊ? लोक काय म्हणतील!' झालं. माझी राहिली तशीच. सीटवर कोंबडीनं केलेलं, ते बी तसंच. मला सांगितलं, 'सलिमा, तू आपली सगळ्यांच्या मागं राहा. फोटोत येऊ नको.'

हसली का? हस. मलाबी हसायचं हाय, पण कंबर धरल्ये.

वालचंदनगरपत्तूर रॅली झ्याक गेली गं. हिरव्या फिती, झेंडं. आवाज न्हाय, धूर न्हाय. जंक्शन गावात हार घातलं. अंथुर्ण्याच्या गतिरोधकावर सगळ्या गाड्या धाडधाड आदळल्या, आन् शेळगावच्या अलीकडं पहिली गाडी थांबली. लाल दिवा लागला आन् खल्लास.

…कुणाची म्हंजे? जी पहिली धुतली तिची.

अगं रडू नको ना, तुझी एकटीची न्हाय! ज्या नंबरानं धुतल्या त्या नंबरानं बंद पडल्या. पाणी आतल्या आत उतरत गेलं असणार. चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. एक म्हणतोय, 'चार्ज संपला.' दुसरा म्हणतोय, 'ढकला, ढकलल्यावर होती चालू.' ढकलून कुठं चालू होती व्हय ती?

मग जोतीरामतात्याच देवासारखं आलं. मागनं ट्रॅक्टर घेऊन येतच होते, रॅली बघायला. त्यांनी छकुलीसाठी, म्हंजे त्यांच्या पोरीसाठी, असलीच एक गाडी बुक केल्ये ना, ती बी संगं होती. तर उसाची रिकामी ट्रॉली मागं होती. सगळ्या गाड्या तीत चढवल्या, कासऱ्यानं बांधल्या… व्हय, तुझी बी. पाचटावर. चरा? न्हाय पडला… एवढासा पडलाय. आरशाला.

तर अशी गेली रॅली इंदापुरात. डिझेलचा ट्रॅक्टर धूर सोडत. ढोलवाल्यांना कुणी सांगितलंच न्हाय, त्यांनी ट्रॅक्टरपुढं जोरात वाजवायला सुरुवात केली. आन् सगळ्यांच्या पुढं कोण? मी! चालू गाडी माझी एकटीचीच की. ओढणी बांधून घेतली डोळ्यापत्तूर, पण फोटोवाल्यानं कोंबडीच्या घाणीसकट काढले फोटो.

आता खरं ऐक. स्टेजपाशी गर्दी, जो तो हसतोय. 'असल्या गाडीवर कोण बसंल?' तात्या ट्रॅक्टरवरनं उतरले ते थेट विजयसिंहांच्या पुढं. म्हणले, 'माझं बुकिंग रद्द करा. पोरगी रोज इंदापूरला जाणार, आडरानात बंद पडली तर?' …अगं, यष्टीचा टाइम जमत न्हाय म्हणून तर गाडी घ्यायची होती. गाडी न्हाय तर कॉलेज न्हाय, असं तात्यांनी आधीच सांगितल्यालं. ती छकुली तितंच उभी, माझ्या शेजारी. रडली न्हाय गं. नुस्ती गळ्यातली कॉलेजसाठी घेतलेली नवी पिशवी काढून हातात धरली. जसं काय आत्ताच दुकानात माघारी द्यायची हाय.

मी तितंच हिशोब मांडला. खोटं कशाला बोलू? म्हणलं, आपुन गप बसलो तर कुणाला काय कळतंय? ह्या गाड्या बदनाम होतील, माणसं परत पेट्रोलवर येतील, गॅरेज पहिल्यासारखं चालंल. नुस्तं गप तर बसायचंय. गप बसायला काय अंगमेहनत लागती? …केल्या की खुणा! चांगल्या डोळं मोठं करून केल्या. दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा छकुलीकडं, आन् चढले स्टेजवर.

…माईक घेतला ना! 'गाड्यांची चूक न्हाय. मी डाळिंबाच्या पंपानं धुतल्या. जी न्हाय धुतली ती आली का न्हाय बघा,' म्हणून माझ्या गाडीकडं बोट. सगळं इंदापूर माझ्या सीटकडं बघायला लागलं. जमीन फाटली असती तर गाडीसकट आत गेले असते.

तात्या? तात्या माझ्या गाडीपाशी आले. चाक दाबून बघितलं. मग छकुलीला म्हणले, 'घी गाडी. पर त्या वाजिदच्या हातात धुवायला द्यायची न्हाय.' पोरगीनं पिशवी परत गळ्यात अडकवली.

विजयसिंहांनी लगेच शाल घातली दाजींना. माईकवर म्हणले, असा खरा माणूस शोधून सापडायचा न्हाय. आन् खाली उतरल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणले, 'वाजिदभाई, बोर्ड मात्र दुसऱ्याला द्यावा लागंल. समजून घ्या.' …खरंच बोलत होता की त्यो बी. मी असते तर मीबी दिला नसता.

न्हाय, जेवले न्हायत. अंगणात बसल्यात.

तुझी? वाळल्यावर शोरूमचा माणूस येऊन बघणार हाय. जिची तिची गाडी लोक घेऊन गेले, तुझी तेवढी हितं… म्हणलं न्हाय का, पावण्यांची. तिचा एक बारका डबा सोडवून तांदळात ठेवलाय. अगं, मोबाईल भिजला की ठेवतात ना, तसं. आता भात कशाचा करू ते सांग.

…हां. उद्या बारामतीला कामावर कशी जाणार, हेच ना? कवापास्नं वाट बघत्ये तू विचारायची. माझी घेऊन जा. दाजी आत्ता घेऊन येत्यात, माघारी यष्टीनं येतील… असू दे गं. मला काय, शाळेत खिचडी शिजवायला तर जायचं. मळ्यातनं पायवाट हाय. जाईन चालत… न्हाय, लांब न्हाय. लांब हाय, पर जाईन.

आता तूच बघ. छकुलीचं कॉलेज वाचलं. विजयसिंहांची गाडी खपली. तात्यांच्या ट्रॅक्टरपुढं ढोल वाजले. तुला गाडी मिळाली, चालू. दाजींना शाल. आन् पायपीट एवढी माझ्या…

थांब. थांब जरा. अंगणात कसला आवाज येतोय… अहो! अहो, माझ्या गाडीला काय करताय? पाणी न्हाय ना घेतलं?… तुमी हो म्हणा न्हायतर न्हाय म्हणा!

…हॅलो? हां. न्हाय गं, पाणी न्हाय. कोरड्यानं पुसायला लागल्यात. म्हणत्यात, मेहजबीनला द्यायची, अशी घाण कशी द्यावी?

कशानं म्हंजे… शालीनं.

सीटवरचं. त्या कोंबडीचं.

चल, शालबी गेली. ठेवते.