नावापुढचा हुद्दा

शेषेराव : ब्रश खाली ठेव, करीम. माजी विद्यार्थ्यांच्या या फलकावर पंधराव्या ओळीत नावापुढं एक अक्षर काढू नकोस.

करीम : चौदा ओळी झाल्या साहेब. सिव्हिल सर्जन झाले, डीवायएसपी झाले, हैदराबादचे शास्त्रज्ञ झाले, ती लोह्याची पंचफुला तहसीलदार झाली. या ताईचंच राहिलं. राजकन्या पिराजी बेलकुंदे, बी.एस्सी., १९९५. पुढं काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी तोवर तंबाखू मळतो.

राजकन्या : माझं तर ठरलंय करीमभाई. गवंडी लिहा.

शेषेराव : अगं बाई, प्राचार्यांनी यादीवर लाल शाईनं लिहून दिलंय, 'आपत्ती व्यवस्थापन तज्ज्ञ'. खोटं आहे का ते? भुजला भूकंप झाला तेव्हा तिथल्या बायांना घरं बांधायला शिकवून आलीस. नेपाळला जाऊन आलीस. आपल्या कॉलेजचं दुसरं कोण गेलं होतं नेपाळला?

राजकन्या : गेले होते ना सर. थापी आन् ओळंबा घेऊन गेले होते. नकाशे तर तिथं साहेब लोकांकडं ढीगभर होते, भिंत उभी करणारं माणूस पाहिजे होतं.

करीम : आन् ते ओळीत बसत बी न्हाई, साहेब. खडूनं मोजून पाहिलं मी. 'व्यवस्थापन' लिहिस्तोवर दार लागतंय. तज्ज्ञ काय दारावर लिहू?

शेषेराव : अक्षर बारीक काढ.

करीम : चौदा जणांचं मोठं आन् हिचं बारीक? तीन सालानं भिंतीचं काम भेटलंय मला. सगळं लातूर फ्लेक्स लावून राहिलंय, पोरांचे फोटो आन् मार्क. आठ दिवसांत फाटतात. ही भिंत मी मेल्यावर बी राहणार हाय. असलं काम न्हाई करणार मी.

शेषेराव : तुम्हा दोघांना काही कळत नाही. उद्या सुवर्णमहोत्सव आहे, पालक येणार आहेत. आजकाल आधी क्लास ठरतो, मग कॉलेज. नांदेडहून, मुदखेडहून, पार हिमायतनगरहून लेकरं आणून इथं ठेवतात. ते पालक हा फलक वाचणार. वर सिव्हिल सर्जन, तहसीलदार आणि खाली गवंडी. म्हणतील, बी.एस्सी. करून विटाच रचायच्या तर आमच्या पोराला इथं कशाला घालायचं? प्राचार्य तोंडावर हेच म्हणाले. आणि मी तीन महिन्यांनी रिटायर होतोय. जाता जाता बोलणी खायची हौस नाही मला.

राजकन्या : ती पोरं राहतात त्यातली चार हॉस्टेलं मी बांधलीत, सर. खोली घ्यायच्या आधी आया भिंतीवर थाप मारून इचारतात, भूकंप झाला तर टिकंल का? मी म्हणते, मी इथलीच हाय आन् मीच बांधलंय. मग गुमान पोराची पेटी आत ठेवतात. माझा हुद्दा कुणी इचारत न्हाई.

शेषेराव : ते मला कबूल आहे. म्हणून तर मधला मार्ग काढतो. 'बांधकाम व्यावसायिक' लिहू. तुझंही राहील, त्यांचंही राहील.

राजकन्या : न्हाई सर. त्यापरीस माझं नावच पुसा.

करीम : पुसायचं म्हणू नका ताई. दोन हात मारलेत त्याच्यावर.

शेषेराव : पण हट्ट कशासाठी? एका शब्दासाठी?

राजकन्या : सर, आपल्या इकडच्या त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी परीक्षेचा अर्ज भरायला आले होते. आठवतं का?

शेषेराव : न आठवायला काय झालं? तुझी सगळी कागदं घराखाली गाडली गेली होती. मी नकला काढून दिल्या. अर्जही मीच भरला.

राजकन्या : त्यात एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. तुम्ही इचारलं, मी म्हणले शेती.

शेषेराव : मग?

राजकन्या : आम्हाला वावर कधीच नव्हतं, सर. माझे वडील, दादा, गवंडी होते. अर्ध्या गावाची घरं त्यांच्या हातची. दगडाचे दोन पदर आन् मधी चिखल. सगळीकडं तशीच रीत होती, दुसरं कुणी शिकवलंच नव्हतं. ती सगळी घरं पडली. माझी माय त्याच्यातच गेली. मग पत्र्याच्या शेडात लोक बोलायला लागले, पिराजीच्या भिंतींनी माणसं मारली. त्यांच्या तोंडावर बोलायचे. आन् मी त्यांची लेक, तुमच्या टेबलापुढं उभी राहून गवंडी म्हणायला लाजले.

करीम : या अल्ला.

राजकन्या : दादांनी थापी टाकली ती टाकलीच. म्हणून मी उचलली. सरकारचे इंजिनीअर नकाशे घेऊन आले, गावात ते वाचता येणारी मी एकटी. कोपऱ्यात सळई कशी उभी करायची, खिडक्यांवरनं सिमेंटचा पट्टा घरभर कसा फिरवायचा, सकाळी वाचायची आन् दुपारी बांधायची. मिस्त्री लोक म्हणले, बाईच्या हाताखाली आम्ही न्हाई. मग मी बायाच शिकवल्या. आज नव्वदच्या वर बाया थापी धरतात. हार लई घातले लोकांनी मला, सर. पण माझ्या बापाचा धंदा इज्जतीचा हाय, एवढं पंचवीस वर्षांत कुणी लिहून दिलं न्हाई.

शेषेराव : पिराजी आहेत का अजून?

राजकन्या : बाहेर लिंबाखाली बसलेत. आत चला म्हणलं तर म्हणतात, कॉलेजात माझं काय काम.

शेषेराव : करीम, ती यादी इकडं दे. पेनही दे तुझा. हे बघ, प्राचार्यांचं लाल मी खोडलं आणि खाली माझी सही केली. उद्या ज्याला बोलायचंय तो मला बोलेल. छत्तीस वर्षांत साहेबांच्या अक्षरावर रेघ मारली नव्हती मी. बरं वाटलं. काढ अक्षरं, चौदा जणांएवढीच मोठी.

करीम : साहेब, मी कवाच सुरू केलंय. ग झाला, वं झाला. ही डीची वेलांटी तेवढी ऐटीत काढू द्या मला.

शेषेराव : राजकन्या, जा, घेऊन ये त्यांना. म्हणावं, हेडक्लार्कनं बोलावलंय. वाचता येतं का?

राजकन्या : न्हाई. मी दाखवते वाचून.

(पिराजी लेकीचा हात धरून व्हरांड्यात येतात. ती पंधरावी ओळ वाचून दाखवते.)

शेषेराव : या पिराजीराव, असे पुढं या. हे आमचे सिव्हिल सर्जन, ह्या तहसीलदार आणि ही तुमची लेक. सगळे एकाच भिंतीवर. उद्या पहिल्या रांगेत तुमची खुर्ची मी स्वतः धरून ठेवतो.

करीम : मामा, हात नका लावू, रंग वला हाय अजून.

राजकन्या : लावू द्या, करीमभाई. भूकंपापासून त्यांनी कुठल्याच भिंतीला हात लावला न्हाई.