पहिलं बरं की दुसरं?

...आणि वर मलाच विचारतात, "तुला कुठलं बरं वाटतं, बाळा?" अहो, डोळे तुमचे, मला काय विचारता! तुम्हाला सांगतो, लँकाशायरातल्या या बाजारपेठेत, मासे-चिप्सवाला आणि न्हावी यांच्या मधल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं उलटीपालटी करण्यात माझा उभा जन्म गेला. तिसऱ्या खेपेला परीक्षेत सुटलो तो काय एवढ्या एका प्रश्नासाठी? पहिलं बरं की दुसरं? दोनच तर पर्याय! पण सरळ उत्तर मिळेल तर शपथ! आमची माणसं भारी सभ्य, त्यांच्या पायावर तुम्ही पाय द्या, सॉरी तेच म्हणतील. मग पहिलं बरं म्हटलं तर दुसऱ्या भिंगाला वाईट नाही का वाटणार? म्हणून म्हणायचं, "दोन्ही सारखंच!"

आता या हिल्डाबाई एंटविसल. ऐंशी कधीच ओलांडलेली, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि बुडाखाली पिवळी मोटार. हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ असतो ना, त्या क्लबातल्या तीन म्हाताऱ्यांना दर मंगळवारी हीच नेते-आणते. हिची गाडी बंद झाली तर तिघीही खिडकीच्या काचेला नाक लावून घरातच बसायच्या! पण परवा फुटपाथवरची टपालपेटी त्या मोटारीखाली येता येता वाचली, म्हणून लेकीनं धरून माझ्याकडे धाडली.

बाई खुर्चीत बसली आणि मी दिवा लावायच्या आत तक्त्यावरची शेवटच्या ओळीपर्यंतची सगळी अक्षरं घडाघडा म्हणून मोकळी! "हिल्डाबाई, तक्ता तरी दिसू द्या!" बाहेर बाकावर तिची मैत्रीण ऑलिव्ह खुसखुसतेय. सकाळी तिचे डोळे मीच तपासले होते. तिनं एका कस्टर्ड टार्टच्या बदल्यात हिला सगळी अक्षरं पढवलेली! पण मीही काही कमी बेरकी नाही. हळूच बटण दाबलं, तक्ता बदलला. बाईंची पोथी तीच.

"अहो, समोर आता आकडे आहेत!"

"असतील की, बाळा. मी सुरुवातीपासून वाचतेय, येतील पुढे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. तरी सवयीनं विचारलं, पहिलं बरं की दुसरं? "दोन्ही सारखंच," म्हणाली, आणि या खेपेला ते अगदी खरं होतं हो...

मग तिला रस्त्यावर आणली. मोटार चालवायची तर वीस मीटरवरून गाडीच्या नंबराची पाटी वाचता आली पाहिजे, कायदाच आहे आमचा. बाईंनी खणखणीत वाचली! मी गार. म्हटलं, "कुठल्या गाडीची वाचलीत?"

"ती काय, पिवळी!"

स्वतःचीच!

"बरं, आता तिच्या शेजारची वाचा."

"शेजारी कुठे काय आहे?"

शेजारी बस उभी होती. दोन मजली! वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ आम्हाला हातसुद्धा करत होते. तेवढ्यात बस घरघरत सुटली आणि आमच्या नाकासमोरून गेली. हिल्डाबाईंनी मान वळवली... आवाजाच्या दिशेनं. मग पर्समधून विणलेली मेंढी लटकवलेली मोटारीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "मंगळवारी पोरींना काय सांगू रे?"

जन्मभर सगळ्या गावाची टिंगल केलेला मी, पण तुम्हाला सांगतो, एक विनोद सुचेल तर! सरकारी दवाखान्याची रांग ही मोठी, ऑपरेशन कधी व्हायचं? आणि तोंडातून निघून गेलं... "तोवर मी नेईन."

झालं! आता दर मंगळवारी दुकान बंद, पिवळ्या मोटारीत पुढे हिल्डाबाई, मागे तिघी, मांडीवर गोळे, तोंडात पेपरमिंट. आज तर परगावी सामना. नकाशा? "आम्हाला पाठ आहे रस्ता!" आलं एक गोलचक्कर, मागून लोक हॉर्न बडवतायत, मी घामाघूम. ओरडलो, "हिल्डाबाई, लवकर सांगा! पहिला रस्ता की दुसरा?"

चौघी एका सुरात म्हणाल्या, "दोन्ही सारखेच! तुला कुठला बरा वाटतो, बाळा?"

...मी आपला गोल गोल फिरत राहिलो.