वामनरावांनी काढलेला नाला

मंडळी, ऐका. आज नामाला हात घालण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात द्या, कारण मोठ्याने दिलंत तर भांडणं लागतील.

एक नोकरदार माणूस. त्याला वरच्याने सांगितलं, "हे असं कर." त्याने केलं. त्यात त्याचा फायदा नाही, त्याने कोणाची सुपारीसुद्धा खाल्ली नाही. मग दोष कोणाचा? सांगणाऱ्याचा, की करणाऱ्याचा?

मागचे आजोबा म्हणतात, सांगणाऱ्याचा. आणि हे पुढे बसलेले ग्रामसेवक भाऊसाहेब काहीच बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं — त्यांना उद्या हापिसात जायचंय. बसा भाऊसाहेब, गोष्ट तुमची नाही. निदान अजून तरी नाही.

गोष्ट आहे आपल्या शेजारच्या पिंपळदऱ्याची. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान, पण नगरपालिका आहे. त्या नगरपालिकेत नकाशे काढायला वामनराव शिंगटे. अठ्ठावीस वर्षं नोकरी. नाव वामन — आता पुराणातल्या वामनाने तीन पावलांत त्रिभुवन मोजलं. आमच्या वामनरावांनी काय केलं? पेनाच्या एका रेघेत सहाशे माणसं गडप केली. बळी तरी पाताळात गेला, दिसत होता. ही माणसं जागच्या जागी राहिली आणि नाहीशी झाली. कशी, ते ऐका.

वामनराव साधा माणूस हो. हात असा, की पट्टी न लावता रेघ ओढली तरी सरळ. खाली नाव घालायचे ते अक्षर मोत्यासारखं. लबाडीचं एक प्रकरण नाही. इंदुमतीबाई, त्यांची बायको, शेजारणींना सांगायची, "आमच्यांना खोटं बोलताच येत नाही. लगेच कान लाल होतात."

आणि त्याच गावात बुरूड आळी. बांबूचं काम करणारी सत्तर-ऐंशी घरं. सुपं, टोपल्या, लग्नात दिवे लावून वरपक्षाच्या डोक्यावर ठेवतात ती झाल. आळीची सदस्य गोदाक्का वडतिले. पालिकेत दोनदा निवडून आलेली. बाई चौथी शिकलेली, पण सभेत उभी राहिली की मुख्याधिकारी चष्मा पुसायला घ्यायचे. वामनरावांच्या मुलीच्या लग्नात झालीची टोपली गोदाक्काने स्वतः विणली, स्वतः डोक्यावरून आणली. म्हणाली, "वामनराव, तुमची लेक म्हणजे आमच्या आळीची भाची."

का म्हणाली असं? त्यालाही कारण होतं. बुरूड आळीच्या मधून एक नाला वाहायचा. पावसाळ्यात पाणी घरात शिरायचं, विणलेला माल कुजायचा, आणि एका आषाढात एक म्हातारा वाहून गेला. गोदाक्काने तीन वर्षं अर्ज केले. शेवटी पालिकेने खाली मोठे नळ घातले, वर सिमेंटचा कट्टा केला. नाला गेला. त्या कट्ट्यावर आता बाया बसून बांबू सोलतात. आणि मंडळी, नाला बुजवायचा तो नकाशा कोणी काढला होता? वामनरावांनीच. म्हणून ते आळीचे भाऊ.

आता निवडणूक आली. मागची प्रभाग रचना होऊन एकच निवडणूक झाली होती. जनगणना नाही, गाव वाढलं नाही, काही नाही — पण वरून पत्र आलं, प्रभाग पुन्हा पाडा. मधेच का? असं विचारायचं नसतं. कपडा नवाच असतो, पण मापं घेणाऱ्याला तो दुसऱ्या कोणाच्या अंगाला बसेल असा शिवायचा असतो.

नगराध्यक्ष अण्णासाहेब मोहोळकरांनी वामनरावांना केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत, दम दिला नाही. चहा मागवला. नकाशावर बोट ठेवलं.

"वामनराव, ही हद्द इथून घेता येईल का?"

वामनरावांनी बघितलं. बोट बुरूड आळीच्या पोटातून गेलं होतं. आणखी एक बोट, आळीचे तीन तुकडे. प्रत्येक तुकडा शेजारच्या मोठ्या प्रभागाला शेपटीसारखा.

"साहेब, नियमाने हद्द रस्त्यावरून, नाल्यावरून घ्यावी लागते. इथे तर घरं आहेत."

"इथे नाला होता ना?"

"होता. बुजवला."

"जुन्या नकाशावर आहे ना?"

"जुन्यावर आहे."

"मग जुना नकाशा काय खोटा आहे?" अण्णासाहेब हसले. "तुम्ही काढलेला नाही, म्हणून म्हणताय काय? चहा गार होतोय."

बघा हं. गोदाक्काचं नाव कोणी घेतलं? नाही. तिला पाडा, असं कोणी म्हटलं? नाही. चहा आणि बोट, एवढंच. वामनरावांनी चहा घेतला. जागेवर येऊन बसले. निळ्या शाईचं पेन उचललं, आणि जिथे बाया बांबू सोलत बसतात, तिथे वाहता नाला काढला. इतका सुरेख काढला की पाणी हललं असतं. त्याच्यावरून हद्द नेली.

त्यांचे कान लाल झाले का? झाले. पण आरशात बघितलं तर दिसणार. वामनरावांनी बघितलंच नाही.

मग सुनावणी. कोणाची हरकत असेल तर सांगा, अशी पद्धत आहे. पालिकेच्या सभागृहात बाहेरून आलेले अधिकारी बसलेले, बाजूला वामनराव नकाशा घेऊन उभे, समोर चाळीसेक माणसं. गोदाक्का उठली. हातात नकाशाची प्रत.

"साहेब, नकाशा फार सुंदर आहे. पण यात माझ्या दारासमोर नाला दाखवलाय. तो नाला पंधरा वर्षांपूर्वी बुजवला. मी तिथेच राहते. माझ्या घराचा मागचा दरवाजा एका प्रभागात आणि पुढचा दुसऱ्यात गेलाय."

लोक हसले. अधिकारीही हसले. मग वामनरावांकडे वळले.

"शिंगटे, नाला आहे का?"

मंडळी, थोडं थांबूया इथे. पेटीवाले, हात थांबवा जरा.

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की सगळं जग थांबतं आणि एका शब्दासाठी वाट बघतं. दोनच अक्षरं बोलायची होती — "नाही." अठ्ठावीस वर्षं खरं बोलणारा माणूस. त्याने गोदाक्काकडे बघितलं नाही. नकाशाकडे बघितलं आणि म्हणाला,

"अभिलेखाप्रमाणे आहे, साहेब."

अभिलेखाप्रमाणे. किती गुळगुळीत शब्द. जिभेवरून घसरला की माणूस सुटला.

आणि गोदाक्का? तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती वामनरावांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वामनराव म्हणतायत, तर असेल. त्यांना खोटं बोलता येत नाही." आणि खाली बसली.

हरकत फेटाळली. निवडणूक झाली. आळीची मतं तीन ठिकाणी वाटली गेली, गोदाक्का एक्क्याण्णव मतांनी पडली. अण्णासाहेबांनी पेढे वाटले. वामनरावांच्या टेबलावरही एक ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

मग उन्हाळा आला. आळीतला नळ गेला. अर्ध्या आळीला पाणी, अर्ध्या आळीला नाही. बाया एका सदस्याकडे गेल्या. तो म्हणाला, "तुमचं घर माझ्याकडे येत नाही." दुसऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, "माझ्याकडे अकराच घरं आहेत, अकरा घरांसाठी पाइपलाइन आणू का?"

एके दिवशी दुपारी गोदाक्का पालिकेत आली. सदस्य म्हणून नाही, साधी बाई म्हणून. वामनरावांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"वामनराव, एक काम होतं. आमच्या आळीतलं कोणतं घर कोणत्या प्रभागात, तेवढं लिहून द्या. बायांना कळत नाही कोणाचं दार वाजवायचं."

वामनरावांनी नकाशा उघडला. कागद घेतला. ती घराचं नाव सांगायची, ते नंबर लिहायचे.

"काशीबाई."

"चार."

"तिचा मुलगा, समोरचं दार."

"पाच."

"सरूबाई. तिचा नवरा वाहून गेला होता बघा नाल्यात."

पेन थांबलं. वामनरावांनी नकाशावर ते घर शोधलं. सरूबाईचं घर निळ्या रेघेला चिकटून होतं. ज्या पाण्याने तिचा माणूस नेला, ते पाणी त्यांनी पुन्हा तिच्या दारात आणून सोडलं होतं.

"गोदाक्का," ते म्हणाले, "तिथे नाला नाहीये."

"माहीत आहे."

"मला माहीत होतं. मी त्या दिवशी—"

"तेही माहीत आहे," गोदाक्का म्हणाली. "तुमचे कान लाल झाले होते. मला वाटलं, मी खाली बसल्यावर तरी तुम्ही बोलाल."

वामनराव खुर्चीतून उठले. मग हात जोडू लागले. तिने नकाशाची घडी घातली.

"माझ्यासमोर हात जोडू नका. मी एकटी नव्हते पडले. सांगायचं असेल तर आळीत येऊन सांगा."

रविवारी सकाळी वामनराव बुरूड आळीत गेले. त्या सिमेंटच्या कट्ट्यावर उभे राहिले आणि सांगितलं. सगळं. चहा, बोट, निळी शाई. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर हिशेब चुकता झाला असता. सरूबाई उठली, आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. दोन गल्ल्या पलीकडून भरून आणलेलं पाणी. वामनरावांनी तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कलेक्टरांना लिहून दिलं, सहीनिशी. मग काय झालं? सांगतो, आणि गोड करून सांगत नाही. वामनरावांची चौकशी लागली. अण्णासाहेबांनी ओळख सोडली. हद्द तशीच राहिली. पाच वर्षं तशीच राहणार, नियमच तो. वामनराव निवृत्त झाले. अजूनही दर रविवारी आळीत जातात, नळाचे, रेशनचे अर्ज लिहून देतात. अक्षर मोत्यासारखंच आहे. गोदाक्का त्यांना भाऊ म्हणत नाही. अर्ज पुढे करते, एवढंच.

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर मिळालं? सांगणाऱ्याला दोष आहेच. करणाऱ्याला आहे, त्याने तो डोक्यावर घेतला. पण त्या सभागृहात चाळीस माणसं होती म्हणालो ना मी? त्यातल्या प्रत्येकाने तो कट्टा पाहिला होता. प्रत्येकाला माहीत होतं. आणि गोदाक्का मागच्या-पुढच्या दरवाज्याचं बोलली, तेव्हा सगळे हसले.

त्या चाळिसांत, तिसऱ्या ओळीत, एक बुवा बसला होता. देवळाच्या सभामंडपाची देणगी अण्णासाहेबांकडे अडकली होती, म्हणून तिथे गेला होता. गळ्यात हीच माळ होती. तोही हसला.

सभामंडप झाला. हाच. याच्याचखाली तुम्ही बसला आहात आणि मी उभा आहे.

वामनरावांनी आळीत जाऊन सांगितलं. मी दोन वर्षं हे आख्यान लावायचं टाळत होतो. आज लावलं. आता तुम्ही घरी गेलात की एवढंच करा — कधी, कुठल्या सभेत, कुठल्या बैठकीत, तुम्हाला खरं माहीत असून तुम्ही हसला होतात, ते आठवा. आणि ज्याच्यावर हसलात त्याच्या दारात जा. माझ्याकडे येऊ नका. देवाकडेही आधी जाऊ नका.

आता नाम घेऊया. आज टाळ हळू वाजवा. मोठ्याने म्हणायला मला तोंड नाही.