बारा जणांना वाचून दाखवलेलं वाक्य

वाजिद: त्याच दिवशी, दत्ता. तिकडे अमेरिकेत सकाळी यासिरचा निकाल लागला, तेव्हा इथे कुवेतला, महबूल्यात संध्याकाळ होत होती. वकिलाचा फोन रिदाने घेतला. पोरगा दोषी. आणि मगरिबची बांग होईपर्यंत तुझी भाबी गेली.

दत्तप्रसाद: मी सुट्टीवर गावाला होतो वो. भाबीच्या बहिणीकडूनच कळलं. येऊन काय केलं असतं म्हणा, पण वाटतंच ना.

वाजिद: काही केलं नसतंस. आले त्यांनी तरी काय केलं? बिर्याणी आणली, स्वतःच खाल्ली आणि मला सबर करायला सांगून गेले. एकाने तर ताटात हात असतानाच विचारलं, यासिर खरंच ड्रग्जवाला आहे का?

रिदा: अब्बा, दत्ताकाका आत्ता आलेत. पाणी तरी पिऊ दे त्यांना.

वाजिद: पिऊ दे की. त्याआधी ती पिशवी टेबलावर ठेवायला सांग.

दत्तप्रसाद: ही? ही तुमचीच. भाबीच्या बहिणीने दिली. सोडे असतील, कोकम असेल. भाबीसाठी आधीच शिवून ठेवलेली होती. म्हणाली, आता उसवू कशाला, तशीच घेऊन जा.

वाजिद: असतील? असेल? म्हणजे तू बघितलं नाहीस?

दत्तप्रसाद: दुसऱ्याची शिवलेली पिशवी मी कशाला उसवू? काय म्हणेल ती बाई?

वाजिद: आणि विमानतळावर विचारलं असतं तर?

दत्तप्रसाद: सोडे, म्हणून सांगितलं असतं.

वाजिद: सोड्यांच्या खाली काय?

दत्तप्रसाद: काय वाजिदभाई! तुमच्याच मेहुणीची पिशवी. इतकी वर्षं आपण एकमेकांचं सामान आणतो. मी कधी कुणाचं उघडलं? तुम्ही उघडलंत?

वाजिद: नाही. म्हणूनच सांगतो, आपण दोघेही तिकडे असतो तर आत असतो. रिदा, त्याला ते वाक्य वाचून दाखव.

रिदा: पुन्हा? येईल त्याला मी तेच वाचत बसू का?

वाजिद: वाच. तुझ्या आईचा जीव घेतलाय त्याने. लोकांना कळू दे कसलं वाक्य आहे ते.

दत्तप्रसाद: थांब गो, आधी मला सांग. गावात लोक काय वाट्टेल ते बोलतात. यासिरकडे सापडलं काय नेमकं?

रिदा: गोळ्या. बंदी असलेल्या. त्याच्या घरी ठेवलेल्या खोक्यांत. ठेवणारा रफीक.

दत्तप्रसाद: आपल्या शेजारच्या गावचा? तो जुम्म्याला पहिल्या रांगेत बसायचा तो?

वाजिद: तोच. त्याने गुन्हा कबूल केला, सरकारच्या बाजूने उभा राहिला. आता शिक्षाही कमी होणार साहेबांना. कोर्टात म्हणाला, खोक्यात काय आहे ते यासिरने मला कधी विचारलंच नाही. वाटलं असेल, पोरावर उपकारच करतोय.

रिदा: काका, तिकडे अशा केसमध्ये निकाल जज देत नाहीत. बारा साधी माणसं बसवतात, ज्युरी. त्यांना कायदा माहीत नसतो. म्हणून आत विचार करायला पाठवायच्या आधी जज त्यांना सूचना वाचून दाखवतात. काय सिद्ध व्हायला हवं, काय धरायचं, काय नाही धरायचं.

वाजिद: इथे कुवेतमध्ये मोठ्या गुन्ह्याला तीन जज बसतात. चुकले तर त्यांना शिव्या घालता येतात. तिथे कुणाला घालायच्या? कुणी बस चालवणारा, कुणी केस कापणारी. बारा जण निकाल देतात आणि घरी जाऊन जेवतात.

रिदा: एक सूचना टोळीबद्दल होती. टोळीतले सगळे लोक ओळखीचे असायची गरज नाही. सगळा बेत माहीत असायचीही गरज नाही.

वाजिद: टोळी! त्या पोराला क्रिकेटला कधी अकरा जण जमवता आले नाहीत.

रिदा: आणि दुसरी ही. 'आत काहीतरी बेकायदा आहे असा आरोपीला दाट संशय होता, आणि खात्री होऊ नये म्हणून त्याने मुद्दाम डोळे मिटून घेतले, असं तुम्हाला पटलं, तर त्याला ते माहीत होतं असं तुम्ही धरू शकता.'

दत्तप्रसाद: म्हणजे माहीत नव्हतं, तरी माहीत होतं?

वाजिद: वा! तुला एका झटक्यात समजलं. जा, तुला ज्युरीत घेतील.

रिदा: पुढे अजून एक ओळ आहे. 'पण तो नुसता निष्काळजी किंवा मूर्ख होता, तर तेवढ्यावरून माहीत होतं असं धरू नका.' वकिलाचा सगळा भरवसा त्या ओळीवर होता.

वाजिद: आणि बारा जणांना माझा मुलगा मूर्ख वाटला नाही! मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं.

दत्तप्रसाद: मग अडकला कुठे?

रिदा: स्वतःच्या तोंडाने. वकील नको म्हणत होता, तरी साक्षीला उभा राहिला. म्हणाला, एका खोक्याची टेप निघाली होती, विचित्र वास येत होता. मी आईला कुवेतला फोन करून विचारलं, उघडू का? ती म्हणाली, दुसऱ्याची अमानत आहे, हात लावू नकोस. म्हणून मी टेप पुन्हा चिकटवली.

दत्तप्रसाद: भाबीने बरोबरच सांगितलं की. माझ्या आईनेही तेच सांगितलं असतं.

वाजिद: त्यालाही तसंच वाटलं. बारा जण म्हणतील, काय खानदानी पोरगा आहे! सरकारी वकिलाने एकच विचारलं त्याला. उघडू का, असं आईला विचारावंसं का वाटलं तुला? झालं. ज्युरी आत गेली, मग आतून चिठ्ठी आली, ते डोळे मिटल्याचं वाक्य पुन्हा वाचून दाखवा.

दत्तप्रसाद: हे भाबीला कळलं?

रिदा: मीच सांगितलं, काका. ती झुबेदी मासे साफ करत होती. कशावरून पकडलं म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या त्या फोनवरून. मला सुचलंच नाही दुसरं काही. तिने सुरी ठेवली, हात धुतले. म्हणाली, मी चुकीचं काय सांगितलं? जरा पडते.

वाजिद: पुरे. दत्ता, ती कात्री घे आणि उसव पिशवी. माझ्यासमोर.

दत्तप्रसाद: घ्या. हे सोडे. हे कोकम. झालं समाधान?

वाजिद: खाली?

दत्तप्रसाद: खाली... गाऊन आहेत वाजिदभाई. दोन. फुलाफुलांचे.

रिदा: तिने मागवले होते. इथले तिला लांब व्हायचे.

वाजिद: बघ. सोड्यांच्या खाली निघालंच काहीतरी. नेऊन ठेव आत.

रिदा: अब्बा, थोड्या वेळात यासिरचा फोन येईल. आज सांगा त्याला. नाहीतर मी सांगते.

दत्तप्रसाद: म्हणजे? यासिरला माहीत नाही?

वाजिद: शिक्षा सुनवायची बाकी आहे अजून. जजसमोर उभं राहायचंय त्याला. आईला मारून आलो, असं तोंड घेऊन उभा राहू दे का?

रिदा: आधी त्याचा पहिला प्रश्न असायचा, अम्मी कुठाय. तुम्ही म्हणायचात, झोपलीय, नमाजला बसलीय. मागच्या दोन फोनला त्याने तिचं नावच काढलं नाही.

वाजिद: बरं झालं. मला खोटं बोलावं लागलं नाही.

रिदा: त्याला दाट संशय आहे, अब्बा. आणि तो विचारत नाहीये.

वाजिद: आता तूही ज्युरीत बसलीस?

(फोन वाजतो.)

रिदा: तुम्ही घ्या.

वाजिद: हं, बेटा. अस्सलाम आलेकुम. हो, जेवलो. गरमी आहे, कुवेतला दुसरं काय असतं? तू जेवतोस ना? काय देतात? ते काय जेवण म्हणायचं? हं. दत्ताकाका आलाय गावाहून. तुझ्या खालाने पिशवी पाठवलीय. सोडे. हो, शिवूनच. उघडली मी, लगेच उघडली. हसतोस काय गाढवा... अजून? गाऊन आहेत. दोन. हं... हॅलो? आहेस ना? हो, ऐकतोय मी. बोल. नाही, काही नाही. बरं. पुढच्या जुम्म्याला. हो, खुदा हाफिज.

रिदा: विचारलं?

वाजिद: गरमी विचारली. पिशवीत काय आलं ते विचारलं.

दत्तप्रसाद: गाऊन कुणासाठी, ते?

वाजिद: ते नाही विचारलं.

रिदा: आणि तुम्ही?

वाजिद: सोडे भिजत घाल. दत्ता जेवून जाईल. यासिरला सांगायचं राहिलं.