करंगळीची खूण

चंद्रकांता : तसं नाय गो! पलीकडचा अर्धा भाग उचल, भिंतीसारखा उभा कर. विसरलीस काय?

कीर्ती : चंदे, उद्या सकाळी सामानाचा ट्रक येणार. घरात भांडी बांधायची राहिलीत आणि मी क्लबात टेबल टेनिसचं टेबल उचलतेय!

चंद्रकांता : भांडी काय पळून जातात? पकड त्या बाजूनं. हां. आता कडी लाव.

कीर्ती : लागली. कंबर गेली माझी.

चंद्रकांता : पोरी होतो तेवा रोज उचलायचो. मी मामाकडं चिंचणीला, तू इथं कॉलनीत. आपल्याशी खेळायला दुसरी जोडी होती कुठं? दोघी एका बाजूला नि समोर ही उभी फळी. हिच्याशी खेळून खेळून आशियाचं कांस्यपदक आणलं आपण.

कीर्ती : आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. परवा ह्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळे ह्यांच्याबद्दल बोलले. माझी ओळख काय, तर मिसेस. वाईट वाटलं गं.

चंद्रकांता : माझ्या सासूला विचारायचं होतंस! लग्न होऊन शिरगावला आले तेवा पदक हातात घेऊन म्हणाली, "काशाचं हाय ना? मंग तळपाय घासायला बरं."

कीर्ती : अगं बाई! घासले?

चंद्रकांता : माझे घासले तिनं. धर्मेशच्या वेळी पोटुशी होते, पाय सुजलेले. तूप लावून, पदकानं. लय बरं वाटलं बघ. मंग पुसून देवाजवळ ठेवलं.

कीर्ती : माझं कपाटातच राहिलं. कुणाचेच पाय घासले नाहीत त्यानं. हा चेंडू कसा वाजतो गं? कोरडा.

चंद्रकांता : प्लास्टिकचा हाय. आपला सेल्युलॉइडचा गेला. तो आवाज मला अजून आठवतो. वाडीत पानवेली बांधताना मधीच ऐकू आल्यासारका वाटतो.

कीर्ती : मलाही. दुपारी एकटी असले की फार.

चंद्रकांता : टाक सर्विस. नि टेबलाखाली खूण दाखव आधी.

कीर्ती : समोर फळी आहे, चंदे. लपवायचं कुणापासून?

चंद्रकांता : तरी दाखव. कशी सर्विस टाकणार ते जोडीदारणीला कळायला नको?

कीर्ती : अंगठा म्हणजे आखूड. मूठ म्हणजे लांब.

चंद्रकांता : नि करंगळी?

कीर्ती : करंगळी माझी एकटीची. "भीती वाटतेय."

चंद्रकांता : सरांनापण ठाव नव्हती ती.

कीर्ती : सेमीफायनलला वीस-वीस झाले, सर्विस माझी. करंगळी दाखवली, तर तू नेहमीसारखी हळूच म्हणालीस, "मी हाय."

चंद्रकांता : हरलो तरी.

कीर्ती : हरलो. पण सर्विस जाळीत गेली नाही माझी. आता जातोय तिथं, बंगळूरला आमच्या चिरागच्या सोसायटीत, टेबल आहे म्हणे.

चंद्रकांता : मंग काय, खेळशील.

कीर्ती : कुणाबरोबर? बाबांच्या क्वार्टरमधून नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये आले, कॉलनी काही सुटली नाही. आता सुटतेय, आणि तू नुसती टेबल उचल, कडी लाव! एकदा तरी थांब म्हणालीस?

चंद्रकांता : थांबली असतीस?

कीर्ती : नाही. ह्यांचं औषधपाणी, मुलगा तिकडे. नाही थांबता येत.

चंद्रकांता : मंग कशाला म्हणू? उगाच तुझा पाय अडकवायचा? टाक सर्विस.

कीर्ती : आज मला नाही जमायची. तूच टाक.

चंद्रकांता : आण चेंडू. खूण बघ.

(चंद्रकांता रिकामा हात टेबलाखाली नेते.)

कीर्ती : अंगठा नाही... मूठही नाही. चंदे, ही तर माझी खूण.

चंद्रकांता : तुझीच. मला कदी लागली नव्हती.

कीर्ती : चंदे...

चंद्रकांता : खूण दाखवली की काय म्हणायचं असतं, विसरलीस?

कीर्ती : नाही. मी हाय.

चंद्रकांता : हां. आता टाकते.