एन्कोडरवाल्या मोटरी

दुकानवाली: परत आणल्यात, काका? महिनाही झाला नाही. तेव्हाच म्हटलं होतं मी, एवढ्या मोठ्या मोटरी नकोत.

काका: म्हटलं होतंस. माझीच हौस दांडगी. तीस वर्षं कारखान्यात काढली, जड ते भक्कम एवढंच डोक्यात बसलंय. म्हटलं, एवढ्या वजनाची मोटर स्टेप कशाला चुकवेल, ठरल्या फिरण्यात मागे कशाला राहील!

दुकानवाली: आणि चुकवली?

काका: चांगली अक्रोडाची फळी होती. अर्धी नक्षी कोरून झाली आणि मोटर अडली. पुढची सगळी नक्षी तीन मिलिमीटर बाजूला.

दुकानवाली: पॉवर सप्लाय तोच जुना? चोवीस व्होल्टचा?

काका: तोच.

दुकानवाली: मग झालं. हत्ती पाळायचा आणि चारा शेळीचा! मोठी मोटर कमी व्होल्टवर पळवली की धापा टाकते. तुमच्या घरच्या कोरीवकामाच्या मशीनला ह्या मधल्या पुरतात. सोबत अठ्ठेचाळीस व्होल्टचा सप्लाय घ्या. मोटरींना हुकूम देणारा बोर्ड तुमचाच चालेल. बांधू?

काका: थांब. त्या एन्कोडरवाल्या दाखव.

दुकानवाली: त्या कशाला? दुप्पट महाग. महागाचं गळ्यात मारायचं असतं तर मी कधीच मारलं असतं. लाकूडच कापताय ना?

काका: लाकूडच. पण त्यात वेगळं काय असतं ते सांग तरी.

दुकानवाली: साधी मोटर खरंच फिरली की अडली, ते बोर्डाला कळतच नाही. एन्कोडरवाली मागे राहिली की तिला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, लगेच अलार्म देतो. पण काका, मोटर अडली की कर्रकन आवाज येतोच की. शेजारी उभं राहायचं, आवाज आला की बटण दाबायचं.

काका: मला नाही येत.

दुकानवाली: काय नाही येत?

काका: ऐकू. जन्म कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या शेजारी गेला. बारीक आवाज कानात शिरतच नाहीत आता. तू बोलतेस तेही निम्मं ओठांवरून ओळखतो.

दुकानवाली: अहो, मग इतकी वर्षं मशीन चालवलंत कसं?

काका: आमची ही होती ना. मशीन मागच्या खोलीत आणि ही पुढच्या खोलीत शिवत बसलेली. मोटर अडली की उठून यायची, माझ्या खांद्यावर हात ठेवायची. मी बटण दाबायचो. स्टेप म्हणजे काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "तुमच्या यंत्राचं पोट दुखतंय," म्हणायची.

दुकानवाली: काकू... कधी गेल्या?

काका: आठ महिने झाले. त्या फळीचं खरं सांगू तुला? मशीनचा हादरा हाताला लागला होता माझ्या. बिनसलंय ते कळलं होतं. तरी बटण नाही दाबलं. उभा राहिलो.

दुकानवाली: का हो?

काका: खांद्यावर हात पडायची वाट बघत. म्हातारचळ, दुसरं काय!

दुकानवाली: असं नका म्हणू.

काका: लेकीला सांगितलं आणि पस्तावलो. म्हणते, बाबा, एकट्यानं यंत्राशी खेळ नको, विकून टाका आणि आमच्याकडे या. तिचं चूक नाही. पण मशीन गेलं तर मी दिवसभर करू काय, ताई? घर खायला उठतं. मशीन चालू असलं की निदान पायाखाली काहीतरी हलत असतं.

दुकानवाली: एन्कोडरवाल्याच घ्या. चारही. थोडी कमी किंमत लावते. अलार्मची तार थेट बोर्डाला जोडून देते, म्हणजे एक मोटर अडली की सगळं मशीन जागच्या जागी थांबेल. आणि बझर तुम्हाला ऐकू यायचा नाही, तर वर मोठा लाल दिवा लावू.

काका: आणि मी नुसताच उभा राहिलो तर?

दुकानवाली: राहा की! तुम्हाला काही करायलाच नको. लेकीलाही सांगा, काळजी मिटली. कुणी उठून यायची गरजच नाही आता.

काका: हं.

दुकानवाली: काका? काय झालं? नकोत का?

काका: नको कशाला. हेच तर मागायला आलो होतो. बांध.